झाडे लावणारा माणूस

'झाडे लावणारा माणूस' ही फ्रेंच लेखक ज्याँ जिओनो (१८९५–१९७०) यांची १९५३ साली लिहिलेली लघुकथा आहे. आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या प्रोव्हान्स प्रदेशातील एका मेंढपाळाने एकट्याने उभ्या केलेल्या अरण्याची हकिकत तीत सांगितली आहे. वृक्षविषयक साहित्यात ती जगभर वाचली जाते. कथा काल्पनिक असूनही अनेक वाचकांनी ती सत्यकथा मानली.

पार्श्वभूमी

जिओनो यांचा जन्म प्रोव्हान्समधील मानोस्क या गावी झाला आणि त्यांचे बहुतेक आयुष्य तेथेच गेले. पहिल्या महायुद्धात ते सैनिक होते. त्या अनुभवातून ते कट्टर युद्धविरोधक बनले. प्रस्तुत कथेतही दोन्ही महायुद्धे येतात. माणसे संहारात गुंतलेली असताना कथानायक मात्र आपले काम न थांबवता करीत राहतो.

कथानक

१९१३ साली निवेदक एका उजाड पठारावरून पायी जात असतो. तेथील झरे आटलेले असतात व घरे पडलेली असतात. एल्झेआर बुफिए नावाचा ५५ वर्षांचा मेंढपाळ त्याला पाणी देतो आणि रात्रीपुरता आसरा देतो. पत्नी व एकुलता मुलगा वारल्यानंतर बुफिए एकटाच राहत असतो. रोज रात्री तो ओक वृक्षाची फळे निवडून त्यांतली उत्तम शंभर बाजूला काढतो आणि दुसऱ्या दिवशी लोखंडी कांबीने जमिनीत भोके पाडून ती पेरतो. जमीन कोणाच्या मालकीची आहे, हे त्याला ठाऊक नसते. तीन वर्षांत त्याने १,००,००० बिया पेरलेल्या असतात. त्यांपैकी २०,००० उगवल्या आणि त्यांतल्याही निम्म्या नष्ट होतील, असा त्याचा अंदाज असतो.

युद्धानंतर निवेदक परत येतो, तेव्हा १९१० सालचे ओक माणसाहून उंच झालेले असतात आणि कोरड्या ओढ्यांतून पाणी वाहत असते. पुढे सरकारी अधिकारी हे वन आपोआप उगवले असे समजतात व त्याला संरक्षण देतात. दुसऱ्या महायुद्धात लाकडाच्या वायूवर चालणाऱ्या मोटारींसाठी तोड सुरू होते. परंतु रस्ते दूर असल्याने ती परवडत नाही आणि जंगल वाचते. १९१३ साली जेमतेम तीन माणसे उरलेल्या व्हेर्गों गावात १९४५ पर्यंत २८ माणसे नांदू लागतात. बुफिए १९४७ साली बानों येथील वृद्धाश्रमात मरण पावतो.

सत्य आणि कल्पित

आपल्याला भेटलेल्या सर्वांत असामान्य व्यक्तीविषयी लिहावे, अशी 'रीडर्स डायजेस्ट' या अमेरिकन मासिकाची मागणी होती. चौकशीत अशी कोणी व्यक्ती बानों येथे मरण पावल्याचे आढळले नाही, तेव्हा मासिकाने लेखन नाकारले. १९५४ साली 'व्होग' नियतकालिकाने ते प्रसिद्ध केले. १९५७ साली दीन्य येथील वनाधिकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात जिओनो यांनी बुफिए हे कल्पित पात्र असल्याचे मान्य केले. लोकांच्या मनात झाडांविषयी, विशेषतः झाडे लावण्याविषयी, प्रेम निर्माण करणे हा आपला हेतू असल्याचे त्यांनी नमूद केले. या कथेतून त्यांनी मानधन मिळवले नाही.

बोध आणि मर्यादा

वृक्षारोपणाची काही व्यावहारिक तत्त्वे कथेत सहज येतात. बी निवडून घेतले जाते. नासाडी गृहीत धरली जाते. बुफिएने लावलेले १०,००० मेपल वृक्ष मरतात, तेव्हा तो हट्ट न धरता बीच वृक्षांकडे वळतो. मेंढ्या रोपे खातात म्हणून तो त्या कमी करून मधमाश्या पाळतो. लावलेले झाड चराईपासून राखणे हे लावण्याइतकेच महत्त्वाचे आहे, हा यातील बोध.

मात्र दोन बाबी लक्षात घ्याव्या लागतात. पहिली इतिहासाची आहे. फ्रान्सच्या डोंगराळ भागातील वनीकरण एका व्यक्तीने नव्हे, तर प्रामुख्याने १८६० व १८८२ च्या कायद्यांन्वये शासनाने केले. चराईवर येणाऱ्या निर्बंधांमुळे मेंढपाळांनी त्याला विरोधही केला होता. दुसरी बाब पाण्याची आहे. पालापाचोळा व मुळे यांमुळे पावसाचे पाणी जमिनीत मुरते आणि माती धरून राहते. परंतु झाडे बाष्पोत्सर्जनाने पाणी हवेतही सोडतात. त्यामुळे कोरड्या प्रदेशात दाट लागवड केल्यास ओढ्यांचे पाणी घटूही शकते. झाडे लावली की झरे वाहू लागतात, हा सार्वत्रिक नियम नव्हे. जमीन, पर्जन्यमान आणि वृक्षजाती यांवर परिणाम अवलंबून असतो.

प्रभाव

१९८५ साली मायकेल मकर्डी यांच्या काष्ठमुद्राचित्रांसह निघालेली इंग्रजी आवृत्ती लोकप्रिय झाली. तिच्या पुढील एका आवृत्तीला केनियातील हरित पट्टा चळवळीच्या संस्थापक वांगारी माथाई यांची प्रस्तावना आहे. कॅनडातील फ्रेडरिक बॅक यांनी कथेवर १९८७ साली सुमारे अर्ध्या तासाचा सचेतपट काढला. त्याला १९८८ साली सर्वोत्कृष्ट सचेत लघुपटाचा ऑस्कर पुरस्कार मिळाला.