कागदाएवढा जोर, दोन जगांची सफर

वर्गात ‘डॉन’ हे नाव फळ्यावर लिहिले की मुले हमखास हसतात. त्यांना सिनेमातला डॉन आठवतो. हा डॉन मात्र अवकाशयान आहे. या इंग्रजी शब्दाचा अर्थ पहाट. उर्दूत आपण तिला सहर म्हणतो.

मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान असंख्य लहानमोठे खडक सूर्याभोवती फिरतात. त्यांना लघुग्रह म्हणतात. त्या पट्ट्यातला सर्वांत मोठा सेरेस. सिसिली बेटावरच्या पालेर्मो येथून जुसेप्पे पियाझी यांनी तो १ जानेवारी १८०१ रोजी शोधला. आज त्याची गणना बटुग्रहांत होते. सेरेस आणि व्हेस्टा या दोघांना जवळून पाहण्यासाठी नासाने डॉन बांधले.

पण उड्डाणाआधीच, मार्च २००६ मध्ये, ही मोहीम रद्द झाली. खर्च वाढला होता, तांत्रिक अडचणीही होत्या. शास्त्रज्ञांनी आपली बाजू पुन्हा मांडली आणि त्याच महिन्यात निर्णय फिरला. २७ सप्टेंबर २००७ रोजी यान निघाले.

त्याचे इंजिन मोठे नवलाचे. झेनॉन वायूच्या अणूंना विद्युतभार देऊन ते प्रचंड वेगाने मागे फेकते. त्याचा जोर किती? तळहातावर वहीचा एक कागद ठेवला तर जेवढा भार जाणवेल तेवढाच! ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेग गाठायला त्याला चार दिवस लागत. पण दिवसाला जेमतेम पाव किलो वायू खर्चून ते एकूण जवळपास सहा वर्षे चालले. म्हणूनच ते जुलै २०११ मध्ये व्हेस्टाभोवती फिरू लागले, वर्षभराने तिथून निघाले आणि ६ मार्च २०१५ रोजी सेरेसच्या कक्षेत पोहोचले. पृथ्वीबाहेरच्या दोन जगांभोवती फिरणारे हे पहिलेच यान.

व्हेस्टावर सुमारे ५०० किलोमीटर रुंदीचे विवर दिसले. पृथ्वीवर पडलेल्या काही उल्का तिथल्याच आहेत, याला बळकटी मिळाली. सेरेसवरच्या चमकदार डागांनी सर्वांना बुचकळ्यात टाकले होते. ते निघाले क्षारांचे थर, मुख्यतः सोडियम कार्बोनेटचे. जमिनीखालचे खारे पाणी वर आले, उडून गेले आणि क्षार मागे राहिले.

वाटेत संकटेही आली. यानाचे तोंड हव्या त्या दिशेला वळवणाऱ्या चार चाकांपैकी एक २०१० मध्ये आणि दुसरे २०१२ मध्ये बंद पडले. आता ते काम बरेचसे हायड्राझीन या इंधनावर आले, आणि त्याचा साठा मोजका. महिनाअखेरीस घरातली आई तेल जसे थेंब थेंब पुरवते, तसे अभियंत्यांनी ते इंधन पुरवले. २०१७ मध्ये तिसरे चाकही गेले, तरी काम थांबले नाही. उलट २०१८ मध्ये यान सेरेसपासून अवघ्या ३५ किलोमीटरवर उतरून छायाचित्रे पाठवत होते.

अखेर इंधन संपले. यानाला अँटेना पृथ्वीकडे वळवता येईना आणि ऑक्टोबर २०१८ च्या अखेरीस संपर्क तुटला. पृथ्वीवरचे सूक्ष्मजीव सेरेसवर पोहोचू नयेत म्हणून त्याला मुद्दाम कक्षेतच ठेवले आहे. अनेक दशके ते तिथेच मुकाट्याने फिरत राहील.

अभ्यासात आपण मागे आहोत, असे म्हणणाऱ्या मुलाला मी ही हकिकत सांगते आणि त्याच्या तळहातावर एक कोरा कागद ठेवते.