मूल्यसंग्रहाचे प्रतिचित्रण

वस्तु-अभिमुख संगणक आज्ञावलीतील एखाद्या वस्तूशी निगडित असलेल्या साध्या मूल्यांचा (अक्षरमाला, संख्या, दिनांक इत्यादींचा) संग्रह संबंधात्मक डेटाबेसाच्या स्तंभांत साठविण्याची व तेथून तो मूळ रूपात परत मिळविण्याची रीत. ग्रंथालयाच्या आज्ञावलीत प्रत्येक ग्रंथ ही एक वस्तू मानल्यास तिचे शीर्षक एकच असते. विषय मात्र अनेक असू शकतात. शीर्षकाला कोष्टकातील एक स्तंभ पुरतो. विषय कोठे ठेवावयाचे, हा येथील मुख्य प्रश्न होय.

ही अडचण संबंधात्मक प्रतिमानातून उद्‌भवते. एडगर एफ. कॉड (१९२३–२००३) यांनी आयबीएम कंपनीत असताना १९७० मध्ये हे प्रतिमान मांडले. कोष्टकाच्या प्रत्येक चौकटीत अविभाज्य असे एकच मूल्य असावे, या त्यातील अपेक्षेला पुढे ‘प्रथम सामान्य रूप’ हे नाव मिळाले. कर्मचाऱ्याची अपत्ये व त्याचा नोकरीचा पूर्वेतिहास यांचे उदाहरण घेऊन, असे संग्रह स्वतंत्र कोष्टकांत कसे काढावयाचे, हे कॉड यांनी त्याच निबंधात दाखविले.

सध्या तीन रीती प्रचलित आहेत.

(१) स्वतंत्र कोष्टक : याच्या प्रत्येक ओळीत ग्रंथाचा क्रमांक व एक विषय असतो. जावा भाषेसाठीच्या जावा पर्सिस्टन्स एपीआय या मानकाच्या २.० आवृत्तीत (२००९) त्यासाठी ‘एलिमेंट कलेक्शन’ ही सोय आली. या मूल्यांना स्वतःची ओळख नसते. आज्ञावलीने ग्रंथाची नोंद काढून टाकली की तीही जातात. शोध अचूक होतो. परंतु १०० ग्रंथांचे विषय ग्रंथागणिक मागविल्यास एकूण १०१ पृच्छा कराव्या लागतात. क्रमस्तंभ नसलेल्या यादीत तेच मूल्य दोनदा येऊ शकत असल्याने नेमकी ओळ ओळखता येत नाही. म्हणून एक विषय वगळला, तरी हायबरनेट हे साधन त्या ग्रंथाच्या सर्व ओळी पुसून उरलेल्या पुन्हा लिहिते. यादीऐवजी संच वापरल्यास तेवढी एकच ओळ काढली जाते.

(२) जोडलेली अक्षरमाला : सर्व विषय स्वल्पविरामांनी जोडून एकाच स्तंभात ठेवतात. वरील मानकाच्या २.१ आवृत्तीतील (२०१३) रूपांतरकामुळे हे सुलभ झाले. वाचन जलद होते. मात्र साध्या शोधात ‘काव्य’ मागितल्यास ‘महाकाव्य’ही सापडते आणि विषयाच्या नावातच स्वल्पविराम असल्यास त्याचे दोन तुकडे पडतात. प्रत्येक विषय वैध आहे की नाही, हे डेटाबेसाला सहज तपासता येत नाही.

(३) ॲरे स्तंभ : एसक्यूएलच्या १९९९ च्या मानकात ॲरे हा प्रकार समाविष्ट झाला. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये अशा स्तंभातील घटक अचूक शोधता येतात व त्यांची अनुक्रमणिकाही करता येते. परंतु प्रत्येक घटक दुसऱ्या कोष्टकातील नोंदीशी बांधण्याचे बंधन घालता येत नाही. सर्वच डेटाबेसांत हा प्रकार उपलब्ध नाही.

मूल्ये नेहमी मूळ वस्तूबरोबरच वाचली व लिहिली जात असतील, तर एक स्तंभ पुरतो. त्यांच्याविषयी स्वतंत्रपणे पृच्छा होणार असेल, तर स्वतंत्र कोष्टक श्रेयस्कर ठरते. विषयाला वर्णन, वर्गांक अशी स्वतःची माहिती जोडावी लागली, तर तो साधे मूल्य न राहता स्वतंत्र वस्तू बनतो व त्याचे प्रतिचित्रणही तसेच करावे लागते. साठविलेली विदा नंतर एका रीतीतून दुसरीत नेणे कष्टाचे असल्याने ही निवड आरंभीच विचारपूर्वक करणे इष्ट असते.