चॉकलेटच्या दुकानात इडलीचा रगडा

हातानं चॉकलेट घडवणाऱ्या एखाद्या छोट्या दुकानात गेलात, तर मांडलेल्या वड्यांकडे नंतर बघा, आधी कान द्या. आतून अखंड घरघर ऐकू येत असेल तर कोकोच्या बिया तिथेच दळल्या जातायत. आणि ते यंत्र कुठंतरी पाहिल्यासारखं वाटलं, तर तुमचं बरोबर आहे. तो आपला इडली-डोशाचा रगडाच!

खोटं नाही. अमेरिकेतल्या हौशी मंडळींना घरी चॉकलेट करायचं होतं, पण कारखान्यातली यंत्रं परवडेनात. दक्षिण भारतीय वेट ग्राइंडरनं काम फत्ते होतं, हे त्यांना साधारण वीस वर्षांपूर्वी उमगलं. मग आपल्या कंपन्यांनीही दिवसरात्र चालणारी खास चॉकलेटची मॉडेलं काढली. कोइमतूरच्या वेट ग्राइंडरला जीआय टॅग आहे, तो उगाच नाही.

फरक एवढाच, की डोशाचं पीठ तासाभरात वाटून होतं, चॉकलेट मात्र एक ते तीन दिवस फिरत राहतं. कण 20-25 मायक्रॉनपर्यंत बारीक झाले की जिभेला रवाळ लागत नाहीत. ही घोटाई स्वित्झर्लंडच्या रोडोल्फ लिंटनं 1879 मध्ये शोधली. तो म्हणे यंत्र बंद करायला विसरून घरी निघून गेला होता. दंतकथा असेल, पण आळशी माणसाला दिलासा देणारी आहे.

दुकानात कोकोचं फळ ठेवलेलं असेल तर फोडून दाखवायला सांगा. ते फणसासारखं थेट खोडाला लगडतं. आतला पांढरा गर आंबटगोड, बी मात्र कडूजहर. गरासकट बिया पाच-सहा दिवस आंबवल्या नाहीत, तर पुढं कितीही भाजा, चॉकलेटची चव येत नाही. आणि फुलांचं परागीभवन कोण करतं? चिलटं! मधमाशीला उगाच श्रेय देऊ नका.

वेष्टनावरचे ‘70 टक्के’ म्हणजे कोकोच्या बीमधून आलेला भाग, त्यात कोको बटरही धरलेलं असतं. उरलेली बहुतेक साखर. आकडा मोठा म्हणजे माल भारी, असं काही नाही. व्हाइट चॉकलेटमध्ये तर कोकोचं नुसतं बटर.

आता वडी मोडा. ‘कट्’ आवाज आला पाहिजे. कोको बटर सहा तऱ्हांनी गोठतं, त्यातली पाचवी तऱ्हा साधली की चकाकी आणि हा आवाज मिळतो. ती वितळते साधारण 34 अंशांना, म्हणून जिभेवर विरघळते. नागपूरकरांनी मे महिन्यात सोबत चमचा ठेवावा. पुन्हा गोठल्यावर वर पांढरट थर आला तर ती बुरशी नव्हे, वर आलेलं बटर असतं. खुशाल खा.

थंड हवेच्या ठिकाणी मिळणारं ‘होममेड’ पुष्कळदा कंपाउंडची तयार लादी वितळवून साच्यात ओतलेलं असतं. त्यात कोको बटरच्या जागी दुसरं वनस्पतिजन्य फॅट. पोरं आवडीनं खातात, खाऊ द्या. फक्त त्याला कारागिरीचा भाव मोजू नका.

ओळखायचं कसं? सरळ विचारा, ‘बिया कुठल्या?’ इडुक्की, पोल्लाची, पश्चिम गोदावरी असं काही उत्तर आलं तर पाकीट काढा. ‘बेल्जियमच्या’ म्हणाले, तर हसून बाहेर पडा. बेल्जियममध्ये कोकोची शेती होत नाही.