उजवी नाकपुडी, डावी नाकपुडी

माझी धाकटी बहीण बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून घरी येताना मी बाळाचं एक वापरलेलं दुपटं सोबत आणलं. आमची गावठी कुत्री चिंगी दारातच बसली होती. जरा अंतर राखून मी दुपटं तिच्यासमोर धरलं. एरवी हातातल्या पिशवीवर झेप घेणारी चिंगी जागच्या जागी थांबली. मान पुढे, शेपटी स्थिर, फक्त नाकाचा ओला शेंडा थरथरत होता. चांगलं मिनिटभर ती त्या कापडापासून हलली नाही. ज्याचं अजून नावही ठेवलं नव्हतं, त्या बाळाची खबर तिला आमच्या आजीच्याही आधी लागली होती!

त्या मिनिटात तिच्या नाकात काय चाललं होतं, हे कळलं की थक्क व्हायला होतं. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी साधारण ५० ते ६० लाख. कुत्र्याच्या नाकात जातीनुसार १२ ते ३० कोटी. हुंगताना कुत्रा सेकंदाला सुमारे पाच वेळा हवा आत-बाहेर करतो, आणि बाहेर पडणारा श्वास नाकपुड्यांच्या कडेच्या फटींतून बाजूला निघून जातो, म्हणजे समोरचा वास विस्कटत नाही. आत आलेल्या हवेचा थोडा भाग वेगळ्या वाटेने नाकाच्या मागच्या कोनाड्यात शिरतो. तिथे पातळ हाडांच्या वळ्या आहेत आणि त्या वळ्यांवर वास ओळखणाऱ्या पेशींचं अस्तर.

मला सगळ्यात जास्त चकित केलं ते इटलीतल्या बारी विद्यापीठाच्या संशोधकांनी. २०११ साली त्यांनी कुत्रे कोणत्या नाकपुडीने हुंगतात ते तपासलं. लिंबासारखा साधा पण अनोळखी वास आला की कुत्रे सुरुवात उजव्या नाकपुडीने करत. तोच वास पुन्हा पुन्हा दिला की ते हळूहळू डाव्या नाकपुडीकडे वळत. जनावरांच्या डॉक्टरांच्या घामाचा वास मात्र शेवटपर्यंत उजवीनेच! नवीन आणि भीतीचं उजवीकडे, ओळखीचं डावीकडे. घरात येणारं बाळ आणि घरातलं जनावर यांनी सुखाने एकत्र राहावं यासाठी आपण जे काही करायचं, ते सगळं मला या एका वाटेवर बसताना दिसतं: बाळाला उजव्या नाकपुडीकडून डावीकडे न्यायचं, सावकाश.

बाळंतिणीची खोली आठवून पाहा. शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओव्याची आणि बाळंतशेपांची धुरी, वेखंड, अंगाला लावायचं तेल, फुटलेलं दूध, वाळत घातलेले लंगोट. आपल्यालाही दारातून जाणवणारे हे वास कुत्र्यावर एकाच दिवशी कोसळतात. त्यातच त्याचं फिरणं चुकतं, पलंगावरून त्याला हाकललं जातं, लाडकी माणसं त्याच्याकडे बघेनाशी होतात. म्हणून बदल दोन-तीन महिने आधीच सुरू करावेत. पाळणा आधीच बांधावा, बाळाच्या खोलीचा नियम आधीच लावावा, पुढे आजोबा त्याला फिरवणार असतील तर आजपासूनच त्यांनी न्यावं. म्हणजे बाळ आल्याच्या दिवशी नवीन असं एकच उरतं, बाळ.

नाकानंतर कान. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातला २०१४ सालचा प्रयोग सांगतो की तान्ह्या बाळाचं रडणं ऐकल्यावर माणसांच्या आणि कुत्र्यांच्या शरीरात ताणाचं तेच संप्रेरक, कॉर्टिसॉल, वाढलं. बाळ बोबडं हुंकारत असेल तर तसं झालं नाही. रात्री दोन वाजता बाळ टाहो फोडतं तेव्हा कुत्र्याची येरझार असते ती या अस्वस्थतेची. त्याला रागावू नये. आधीच्या महिन्यांत मोबाइलवर रडण्याचा आवाज अगदी हळू लावावा, सोबत आवडीचा खाऊ द्यावा, रोज आवाज किंचित वाढवावा. रडणं आणि खाऊ यांची गाठ बसते.

घरी येण्याचा दिवस गडबडीचा. उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळताना कुत्रा पायात नको. आम्ही चिंगीला मागच्या अंगणात ठेवलं. बाळ आजीसोबत खोलीत गेलं, मग बहीण रिकाम्या हातांनी चिंगीकडे आली आणि दोघी मनसोक्त भेटल्या. ती शांत झाल्यावरच, गळ्यात पट्टा आणि साखळी माझ्या हातात, असं तिला लांबून बाळ दाखवलं. बारशाच्या गर्दीतही तिला वेगळ्या खोलीत ठेवलं होतं.

मांजराचं शास्त्र निराळं. इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठातल्या कॅरेन मॅककोम्ब यांनी २००९ साली दाखवलं की खाऊ मागणाऱ्या मांजराच्या गुरगुरीत एक उंच सूर लपलेला असतो आणि तो बाळाच्या रडण्याच्या जवळ जातो. मांजर बाळाचा श्वास ओढून घेतं ही मात्र जुनी दंतकथा. खरा धोका साधा आहे: मांजराला ऊब हवी असते, बाळाच्या कुशीत ती असते, आणि तान्ह्या बाळाला तोंडाला टेकलेलं अंग बाजूला सारता येत नाही. म्हणून बाळ झोपलेल्या खोलीला जाळीचा दरवाजा हवा. छत्रीसारखी मच्छरदाणी मांजराच्या उडीपुढे टिकत नाही. मांजराला फडताळावर किंवा कपाटावर स्वतःची उंच जागा द्यावी. घरात गरोदर बाई असेल तर मांजराची शी दुसऱ्या कुणीतरी काढावी, आणि रोजच्या रोज. टोक्सोप्लाझ्माच्या जंतूला बाहेर पडल्यावर संसर्गजन्य व्हायला किमान एक दिवस लागतो, त्याआधीच शी गेलेली असते.

तान्हं बाळ दचकून हातपाय फेकतं, आणि ती हालचाल जनावराला चाळवते. पुढे बाळ रांगायला लागलं की सगळं उलटतं. आता बाळ कुत्र्याकडे जातं, कान ओढतं, खाण्याच्या भांड्यात हात घालतं. कुत्रा चावण्याआधी बरंच काही सांगतो. ओठांवरून जीभ फिरवतो, झोप नसताना जांभई देतो, तोंड वळवतो, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसतो, अंग थिजतं. गुरगुरणं ही त्याची शेवटची विनवणी. त्यावर फटका दिला की तो गुरगुरणं सोडतो, पण आतली भीती तशीच राहते, आणि पुढच्या वेळी इशारा न देता दात लागतो. गुरगुरला की बाळ उचलावं. बाळ आणि जनावर यांना एका खोलीत एकटं ठेवू नये, अगदी दूध उतू जातंय म्हणूनसुद्धा नाही. रेबीजची लस आणि जंतांचं औषध वेळेवर हवं, आणि ओरखडा उठला तर साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुऊन थेट डॉक्टरांकडे.

हा सगळा खटाटोप सार्थकी लागतो. फिनलंडमधल्या कुओपिओ इथे ३९७ बाळांवर वर्षभर लक्ष ठेवलं गेलं. घरी कुत्रा असलेल्या बाळांना सर्दी-खोकल्याचा त्रास आणि कानाचा संसर्ग कमी झाल्याचं २०१२ साली प्रसिद्ध झालं.

आमचा भाचा आता आठ महिन्यांचा आहे. बहीण त्याला घेऊन परवा राहायला आली. तो रांगत आला की चिंगी उठून आपल्या गोणपाटावर जाऊन बसते आणि तिथे तिच्यामागे कुणी जायचं नाही, हा घरचा नियम. काल धुवायच्या टोपलीतून एक दुपटं खाली पडलं होतं. चिंगीने जाता जाता ते एकदाच हुंगलं आणि ती पुढे निघून गेली. पहिल्या दिवशी तिला मिनिटभर लागलं होतं.