शीर्षकातील शब्द आणि ग्रंथाचा विषय

संशोधनाचा आरंभ ग्रंथशोधाने होतो. आज हा शोध बहुधा संगणकावरील सूचीत, म्हणजे डेटाबेसमध्ये घेतला जातो. त्याच्या दोन पद्धतींतील भेद अभ्यासकाने जाणून घेणे अगत्याचे आहे.

पहिली पद्धत शीर्षकशोधाची. अभ्यासकाने दिलेला शब्द ज्यांच्या शीर्षकात आहे, तेवढ्याच नोंदी संगणक पुढे ठेवतो. दुसरी पद्धत विषयनिर्देशनाची. येथे सूचिकार ग्रंथाचा आशय पाहून ठरीव यादीतील विषयशीर्षके त्या नोंदीला जोडतो. लेखकाने कोणताही शब्द वापरलेला असो, एका विषयाचे साहित्य एकत्र मिळावे, हा त्यामागील हेतू.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'दि अनटचेबल्स' हा ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला. पूर्वीचे अस्पृश्य हे वाताहत झालेल्या टोळ्यांतील लोक असून बौद्ध होते, हा त्यातील एक प्रमुख सिद्धान्त. परंतु 'बुद्धिझम' हा शब्द शीर्षकात नाही. केवळ त्या शब्दाने शीर्षके धुंडाळणाऱ्याच्या हाती हा ग्रंथ लागणार नाही. इतकेच नव्हे, तर 'दि बुद्ध अँड हिज धम्म' (१९५७) हा ग्रंथही निसटेल. तसेच 'दलित' या एका शब्दावर विसंबणाऱ्यास 'डिप्रेस्ड क्लासेस', 'अनटचेबल्स' वा 'शेड्यूल्ड कास्ट्स' या नावांखालील जुने लेखन दिसणार नाही.

तथापि विषयशीर्षकेही निर्दोष नसतात. ती यादी करणाऱ्याची दृष्टी त्यांत उतरते. अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या यादीत आपल्या समाजासाठी पूर्वी 'अनटचेबल्स' हे शीर्षक होते. पुढे त्याजागी 'दलित्स' आले. नव्या संकल्पनाही यादीत उशिरा येतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या विषययादीत 'माइंडफुलनेस' हे शीर्षक २०१४ साली दाखल झाले. त्यावरील वैद्यकीय लेख मात्र १९८० च्या दशकापासून प्रसिद्ध होत होते. अशा वेळी शीर्षकशोधच उपयोगी पडतो.

म्हणून दोन्ही पद्धतींची सांगड घालावी. प्रथम शीर्षकशोधाने एखादा नेमका ग्रंथ मिळवावा, त्याच्या नोंदीतील विषयशीर्षके पाहावीत आणि त्यांच्या आधारे पुन्हा शोध घ्यावा. त्यानंतर जुनी-नवी सर्व नावे एकेक करून तपासावीत. संगणकाला शब्द सापडला नाही, म्हणून त्या विषयावर कोणी लिहिलेच नाही असा निष्कर्ष काढू नये. ज्यांना इतरांनी वेळोवेळी वेगवेगळी नावे दिली, त्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकाने तर हे कधीच विसरता कामा नये.