जुनी गाडी मोडीत काढण्यापूर्वी

वडिलांच्या वेळची फियाट आपल्या अंगणात धूळ खात उभी आहे काय? मग भंगारवाल्यास बोलावण्यापूर्वी क्षणभर थांबा. १९६४ मध्ये 'फियाट ११०० डिलाइट' म्हणून अवतरलेली ही मोटार १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' झाली. तिचे उत्पादन केव्हाच थांबले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाली. आता मोडीत निघालेल्या गाड्याच उरलेल्यांना जीवदान देतात.

रंगाची घाई करू नका. दारांचे रबर झिजले की पाणी आत झिरपते. म्हणून पायांखालचा गंजलेला पत्रा आधी बदला. तुटलेला भाग जपून ठेवा. नवा घडविताना कारागिरास तोच नमुना होतो. आणि घरी जादा कार्बुरेटर पडून असेल, तर गरजूस रास्त किमतीत द्या. उद्या त्याच्याच दारी आपल्याला जावे लागेल!