गोंधळालाही नियम, शिक्षेलाही नियम

टीव्हीवर विधानसभेतला गदारोळ लागला की 'यांचं रोजचंच आहे' म्हणत आपण चॅनेल बदलतो. ५ जुलै २०२१चा गदारोळ मात्र नंदुरबार जिल्ह्यातल्या आपल्या प्रकाशा गावाला परका नव्हता.

वाद कशाचा?

४ मार्च २०२१ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने काही जिल्हा परिषदांतल्या ओबीसी जागांवरची निवड रद्द ठरली. त्यात आपली नंदुरबारही होती. आरक्षणासाठी लागणारा ओबीसींचा इम्पिरिकल डेटा (प्रत्यक्ष आकडेवारी) केंद्राकडे मागणारा ठराव विधानसभेत आला आणि रण माजलं. त्या वेळी सभागृह चालवणारे तालिका अध्यक्ष भास्कर जाधव यांना शिवीगाळ झाल्याचा आरोप झाला, आमदारांनी तो फेटाळला. भाजपचे १२ आमदार वर्षभरासाठी निलंबित झाले. त्यांत शेजारच्या शिंदखेड्याचे जयकुमार रावलही होते.

विधानसभेचा नियम ५३ काय सांगतो?

बेशिस्त सदस्याला अध्यक्ष त्या दिवसापुरतं बाहेर काढू शकतात. त्याच अधिवेशनात पुन्हा तसं घडलं, तर फार तर अधिवेशन संपेपर्यंत. 'वर्षभर' कुठेच नाही.

सभागृहाच्या कामकाजातल्या निव्वळ अनियमिततेत न्यायालय पडत नाही (राज्यघटनेचा अनुच्छेद २१२). पण निलंबित आमदार सर्वोच्च न्यायालयात गेले तो मुद्दा बेकायदेशीरपणाचा होता. २८ जानेवारी २०२२ला तिथल्या न्यायमूर्ती खानविलकर यांच्या पीठाने अधिवेशनापलीकडचं निलंबन घटनाबाह्य ठरवलं. त्यामागचा हिशेब साधा होता. आमदाराला कायमचं काढलं तर जागा रिकामी होते, सहा महिन्यांत पोटनिवडणूक लागते. वर्षभर निलंबित केलं तर जागा भरलेली दिसते, पण मतदारसंघातर्फे बोलायला कुणीच नसतं. म्हणजे ही शिक्षा हकालपट्टीहून कडक! नंदुरबार जिल्हा परिषदेच्या रद्द जागांसाठी ५ ऑक्टोबर २०२१ला निवडणूक झाली. शिंदखेड्याच्या मतदाराला तीही सोय नव्हती. निलंबन आमदाराचं, भुर्दंड मतदाराला. बहुमतवाल्यांनी हे आधीच ओळखायला हवं होतं.

मग विरोध करायचा कसा?

हरकतीचा मुद्दा, स्थगन प्रस्ताव, सभात्याग या रीतसर वाटा आहेत. दुसऱ्या दिवशी विरोधकांनी विधानभवनाबाहेर प्रतिविधानसभा भरवली. कॅमेऱ्यांना खाद्य मिळालं, पण तिथलं भाषण सभागृहाच्या कामकाजात नोंदलं जात नाही. नोंद नसलेल्या विरोधाला उद्या कोण विचारतो?

गावातही हाच हिशेब लागू आहे. ग्रामसभेत ठराव पटला नाही, तर आवाज जरूर चढवा. पण उठून जाण्याआधी आपला विरोध ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीचा ग्रामसेवक) इतिवृत्तात लिहून घ्या.